विचारा की! : रेडिओ-टीव्हीवरची माणसं आणि आपण

मागच्या अंकात शेवटच्या पानावर एक छोटी चौकट टाकली होती, रेडिओ-टीव्हीबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा म्हणून. वाटलं पाच-सहा पत्रं येतील. आली ढीगभर, बरीचशी व्हॉट्सॲपवर, काही तर व्हॉइस नोट, आणि एका काकांनी चक्क निळं अंतर्देशीय पाठवलंय. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि नावं छापत नाही कारण निम्म्या लोकांनी घरच्यांचीच तक्रार लिहिलीय, उगाच भांडणं नकोत. मी स्वतः आधी आकाशवाणीत हंगामी उद्घोषक होतो, नंतर एका वृत्तवाहिनीच्या डेस्कवर, त्यामुळं जमेल तिथं थोडं आतलंही सांगतो.

माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. संध्याकाळच्या बातम्या लागल्या की त्या निवेदिकेला 'आलीस का गं, आजची साडी झ्याक हाय' म्हणतात, ती नमस्कार म्हणाली की ह्याही हात जोडतात. मालिकेतल्या खाष्ट बाईला तर रोज शिव्या. आमचे हे म्हणतात डॉक्टरला दाखवूया. काळजीचं आहे का? — एक सूनबाई, राजारामपुरी

अजिबात नाही ओ ताई. सासूबाईंनी जसं वागावं असं त्या चॅनेलला वाटतं, अगदी तस्संच त्या वागतायत. १९५६ साली अमेरिकेत डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल ह्या दोघांनी ह्याच गोष्टीवर एक निबंध लिहिला होता, तेव्हा तिकडं टीव्ही नुकताच घरोघर पोचत होता, आणि त्यांचं म्हणणं असं की पडद्यावरचा निवेदक आणि घरात बसलेला माणूस यांच्यात एकतर्फी ओळख तयार होते, खऱ्या मैत्रीसारखीच वाटते, फक्त पलीकडच्याला तुम्ही कोण हे माहीतच नसतं. आणि महत्त्वाचं म्हणजे हे आपोआप होत नाही, ते घडवून आणलं जातं. पुढच्या वेळी नीट बघा, निवेदिका 'नमस्कार' म्हणाली की लगेच पुढचं वाक्य सुरू करत नाही, जरा थांबते. ती जागा सासूबाईंसाठीच सोडलेली असते.

नजरेचंही तसंच. स्टुडिओत कॅमेऱ्याच्या भिंगापुढं एक काच तिरकी बसवलेली असते, खाली आडव्या पडद्यावर मजकूर उलटा धावत असतो आणि काचेत त्याचं सुलट प्रतिबिंब पडतं, त्यामुळं निवेदिका वाचत असते काचेवरचं पण नजर थेट भिंगात, म्हणजे तुमच्या सोफ्यावर. हा टेलिप्रॉम्प्टर नव्हता तेव्हा कागदावर बघून वाचायचे आणि वाक्याच्या शेवटी मान वर करायचे. दूरदर्शनच्या प्रदीप भिडेंसारखी माणसं तशा जमान्यातही घरातली वाटायचीच की, कारण ती येणार म्हणजे ठरलेल्या वेळेला येणारच आणि आवाज न चढवता बोलणार. त्याच्याही आधी मुंबई आकाशवाणीवर 'पुन्हा प्रपंच' लागायचं, त्यातले टेकाडे भावोजी कित्येकांच्या घरचे भावोजी झाले होते, आणि ते तर कुणाला दिसतही नव्हते.

हे काही फक्त म्हाताऱ्या माणसांचं नाही बरं का. 'तुझ्यात जीव रंगला' ही मालिका चालू असताना आपल्या वसगड्याच्या वाड्यासमोर बाहेरगावच्या गाड्या लागायच्या, शिकलेसवरलेले लोक मुंबई-पुण्याहून येऊन राणादाचं घर बघून जायचे. त्यांना माहीत नव्हतं का की आत लाइटचे स्टँड आहेत आणि माणसं पगारी आहेत? सगळं माहीत होतं, तरी आले. सासूबाईंनाही माहीत आहे. त्या घरातल्यांची नावं विसरायला लागल्या, दिवस-वार चुकायला लागला, किंवा निवेदिकेसाठी चहाचा कप टीव्हीपुढं नेऊन ठेवला तर मात्र डॉक्टर गाठा. तोवर त्यांच्या शेजारी बसून तुम्हीही साडीवर मत द्या.

आम्ही तरुणपणी रेडिओवरच्या 'आपली आवड'ला पोस्टकार्डं टाकायचो. खरंच वाचायचे का ती? आणि गाण्यापेक्षा नावंच इतकी लांबलचक का असायची? — निवृत्त एसटी कंडक्टर, कागल (निळ्या अंतर्देशीयवाले काका हेच)

वाचायचे काका. गठ्ठे सोडवून, गाण्याप्रमाणं वेगळे करून, नावांची यादी लिहून काढायची, हे काम उद्घोषकाच्या आणि ऑफिसातल्या लोकांच्या वाट्याला यायचं आणि अक्षर लागलं नाही की सगळ्यांची फजिती. नावं लांबलचक असायची कारण तोच तर कार्यक्रम होता! गाणं काय, हॉटेलातल्या रेकॉर्डवरही वाजायचं. पण स्वतःचं, बायकोचं, पोरांचं आणि शेवटी 'आणि समस्त मित्रपरिवार'सकट गावाचं नाव रेडिओतून ऐकू येणं ही चीज दुसरीकडं कुठं मिळत नव्हती. बिहारमधलं (आता झारखंडातलं) झुमरीतिलैया हे गाव निव्वळ फर्माइशीच्या पत्रांवर देशभर माहीत झालं, अभ्रकाच्या खाणींचं गाव ते, पण अभ्रक कुणाच्या लक्षात आहे?

ह्यात एक मजेदार भानगड पण आहे. १९५२ साली आपले बाळकृष्ण केसकर केंद्रात माहिती-प्रसारण मंत्री झाले, मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा भक्त, त्यांना सिनेमाची गाणी म्हणजे बिघडवणूक वाटायची. आकाशवाणीवरची फिल्मी गाणी आटली. मग लोकांनी काय केलं, शास्त्रीय राग ऐकत बसले का? काटा फिरवला आणि शेजारच्या लंकेतलं रेडिओ सिलोन लावलं. तिथं त्याच वर्षी अमीन सयानींचं गीतमाला सुरू झालं, 'बहनों और भाइयों', आणि ते पुढं दशकानुदशकं चाललं. शेवटी सरकारला ३ ऑक्टोबर १९५७ ला सिनेमाची गाणी लावणारी विविध भारती काढावी लागली. म्हणजे मंत्र्यानं ठरवलं लोकांनी काय ऐकावं आणि लोकांनी पाच वर्षांत मंत्र्यालाच वळवलं. प्रसारक लोकांना नादाला लावतात असं सगळेच लिहितात, हे उलटं कुणी फारसं सांगत नाही.

मी इचलकरंजीचा, वय २१, सगळे म्हणतात तुझा आवाज लई भारी आहे, आर जे हो. आवाजात जादू कशी आणायची? मी रोज सकाळी खर्ज लावतो. — एक होतकरू

खर्ज लाव भावा, घशाला बरं असतं, पण आवाज ही ह्या धंद्यातली शेवटची गोष्ट आहे. निम्मी जादू मशीनची असते हे आधी ऐकून घे. माइकच्या अगदी जवळ, म्हणजे चार बोटांवर, तोंड नेलं की बहुतेक माइक खालचे सूर आपोआप जाड करतात, पुढं स्टेशनवरचा प्रोसेसर हळू आवाज वर उचलतो आणि मोठा दाबतो, म्हणून रिक्षात बसलेल्या माणसालाही आर जे कानात कुजबुजल्यासारखा वाटतो. तुझा आवाज त्यातून गेला की तोही भारीच येणार, माझाही यायचा. अडचण येते ती भ, फ, प ह्या अक्षरांना. 'भावांनो' म्हटलं की माइकवर फुंकर बसून फट्ट आवाज येतो, मग माइक थोडा तिरपा धरायचा, थेट समोर नाही. हे आठवड्यात जमतं.

जमत नाही ते दुसरंच. नवीन पोरं माइकवर बसली की एकदम गणेशोत्सवातल्या स्टेजवर गेल्यासारखी बोलतात, 'तमाम कोल्हापूरकरांनो'. अरे, तमाम कोल्हापूरकर एकत्र बसून रेडिओ ऐकतायत का? एक बाई भाकऱ्या थापतेय, एक जण ऊस घेऊन कारखान्याच्या रांगेत ट्रॅक्टरवर बसलाय, एक पोरगी कानात बोंडं घालून केएमटीच्या बसमध्ये उभी आहे. प्रत्येकजण एकटा ऐकतो. त्या एकाशी बोलायचं. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट हे १९३३ साली करून गेलेत. बँका बुडत होत्या, लोक पैसे काढायला रांगा लावत होते, सगळ्या बँका काही दिवस बंद ठेवलेल्या, आणि १२ मार्चच्या रविवारी रात्री हे रेडिओवर आले आणि 'मित्रांनो, थोडा वेळ बँकिंगबद्दल बोलायचंय' अशी सुरुवात करून बँक तुमच्या पैशाचं काय करते हे साध्या शब्दांत समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून बँका उघडायला लागल्या तर लोक रांगेत उभे, पण काढलेले पैसे परत भरायला. भाषण ठोकलं असतं तर हे झालं नसतं असं मला वाटतं.

आता तुझं. रोज मोबाइलवर एक मिनिटाची लिंक, म्हणजे दोन गाण्यांमधलं बोलणं, रेकॉर्ड कर, विषय कालचा आणि गावातलाच पाहिजे, यंत्रमागाची लाइट गेली, पंचगंगेचं पाणी पुन्हा काळं झालं, पेठांच्या फुटबॉल मॅचला शाहू स्टेडियमवर कोण कुणाला काय ओरडलं. एकच मुद्दा, शेवट आधी ठरवून. भाषा घरातलीच ठेव, पण दर वाक्याला 'नाद खुळा' घालू नको, कोल्हापूरचं माणूस दिवसभरात जितक्यांदा ते म्हणत नाही तितक्यांदा आर जे तासाभरात म्हणतात आणि मग ते नकली वाटतं. आकाशवाणीत हंगामी उद्घोषकांसाठी ऑडिशन निघतात, पास झालास की 'वाणी' नावाचा छोटा कोर्स असतो, उच्चाराची शिस्त तिथं लागते. पैसे ड्युटीप्रमाणं मिळतात आणि महिन्याला ड्युट्या मोजक्याच, त्यावर संसार चालत नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेव.

अमेरिकेत म्हणे रेडिओवर मंगळावरची माणसं आल्याचं नाटक लागलं आणि लाखो लोक रस्त्यावर पळाले. खरं का? — दहावीतला एक विद्यार्थी, गडहिंग्लज

नाटक खरं. ३० ऑक्टोबर १९३८, ऑर्सन वेल्स नावाचा २३ वर्षांचा पोरगा, बातमीपत्राच्या थाटात केलेलं. काही लोक घाबरले, पोलिसांना फोन गेले, हेही खरं. पण लाखो लोक रस्त्यावर वगैरे हे दुसऱ्या दिवशीच्या पेपरांनी फुगवलं. रेडिओ तेव्हा पेपरांच्या जाहिराती पळवत होता, तो किती बेजबाबदार आहे हे दाखवायला त्यांना आयतं कोलीत मिळालं. त्या रात्री बहुतेक लोक दुसऱ्या स्टेशनवरचा विनोदी कार्यक्रम ऐकत होते. तुझ्या पुस्तकात लाखो असं असलं तर परीक्षेत तेच लिही, नाहीतर मार्क जातील.

आमचे आजोबा सांगायचे की गावात चावडीवर रेडिओ होता आणि मंडळी जमून शेतीचा कार्यक्रम ऐकायची, मग वाद घालायची. आता माझ्याकडं मोबाइलवर शेतीचे शंभर चॅनेल आहेत पण कुणाचं ऐकून गावात कुणी काही बदलल्याचं दिसत नाही. रेडिओ-टीव्हीनं माणूस खरंच बदलतो का? — ऊस उत्पादक, शिरोळ तालुका

दादा, ह्या ढिगातला सगळ्यात चांगला प्रश्न तुमचा, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आजोबा सांगायचे ते बहुधा रेडिओ शेतकरी मंडळाचं असणार. १९५६ साली आकाशवाणी पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला, पाच जिल्हे निवडले, पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि आपलं कोल्हापूर. दीडशेच्या आसपास गावं. कल्पना मूळची कॅनडातली, तिकडं शेतकऱ्यांचे असे गट आधीपासून होते. गावात वीसेक जणांचं मंडळ, आठवड्यातून दोनदा संध्याकाळी अर्धा तास कार्यक्रम ऐकायचा, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. आणि ऐकून झाल्यावर उठायचं नाही! तिथंच बसून चर्चा करायची, मंडळाचा चिटणीस ती लिहून पुण्याला पाठवणार, त्यातल्या शंकांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमात रेडिओवरून येणार. म्हणजे रेडिओ बोलतोय, गाव उलट बोलतंय, रेडिओ परत उत्तर देतोय.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडून पॉल न्यूराथ ह्या अभ्यासकानं त्याची तपासणी केली आणि पद्धत फार हुशारीची होती. मंडळ असलेली गावं, नुसताच रेडिओ असलेली गावं आणि रेडिओच नसलेली गावं, तिन्हीकडं आधी आणि नंतर तेच प्रश्न विचारले. मंडळाच्या गावात लोकांची माहिती भरपूर वाढलेली. नुसता रेडिओ असलेल्या गावात फारसा फरक नाही, रेडिओ नसलेल्या गावासारखंच जवळपास. आता ह्याच्यावर विचार करा. कार्यक्रम तोच, आवाज तोच, सल्ला तोच. फरक पडला तो कार्यक्रम संपल्यानंतरच्या अर्ध्या तासानं. साधारण त्याच काळात अमेरिकेतले लाझार्सफेल्ड निवडणुकांचा अभ्यास करून ह्याच्या जवळचंच म्हणत होते, की रेडिओचं म्हणणं आधी गावातल्या चार जाणत्यांकडं पोचतं आणि बाकीचे त्या चौघांचं ऐकतात.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की निवेदक तुमच्याशी ओळख करतो, विश्वासही कमावतो, पण मत पक्कं होतं ते कट्ट्यावर, डेअरीच्या रांगेत, सोसायटीच्या पायरीवर, आपल्या माणसांत. तुमच्या मोबाइलवरचे शंभर चॅनेल तुम्ही एकटे बघता, झोपताना, आणि सकाळी दुसराच विषय असतो, मग बदलणार कसं.

आणि एक, सांगणाऱ्याला वाटतं तेच लोक घेतात असंही नाही. दूरदर्शनवर ७ जुलै १९८४ ला 'हम लोग' सुरू झालं, कुटुंबनियोजन, बायकांचा मान असे विषय गोष्टीतून लोकांच्या गळी उतरवायचे म्हणून मुद्दाम आखलेली मालिका, मेक्सिकोत मिगेल साबिदो ह्यांनी असं आधी करून दाखवलं होतं. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द बोलायचे. चारेक लाख पत्रं आली लोकांची. पण गंमत अशी की त्यातली आई, भागवंती, सगळं मुकाट सोसणारी, ती 'असं वागू नका' म्हणून दाखवली होती आणि पुष्कळ प्रेक्षकांना तीच आदर्श वाटली! अशोककुमार दर भागात समजावून सांगत असताना. तेव्हा बायकांनी आपापल्या घरात बघितलेलं आणि सोसलेलं त्या पडद्यावरच्या समजुतीपेक्षा जड ठरलं, एवढंच म्हणता येईल.

तुम्ही एक करून बघा, पाचट न जाळण्याचा किंवा ठिबकचा एखादा चांगला व्हिडिओ डेअरीत दूध घालायला आलेल्या पाच जणांना तिथंच लावून दाखवा आणि वाद होऊ द्या.

मी शिवाजी पेठेतली, नोकरीला पुण्यात. २०१९ पासून दर पावसाळ्यात टीव्ही लावला की जीव खालीवर होतो, कोल्हापूर बुडालं असंच दिसतं, आणि घरी फोन केला तर आई म्हणते आमच्याकडं काय नाही, भजी तळतोय. खोटं दाखवतात का? — आय टी वाली

खोटं नाही, पण तुकडा दाखवतात. हे मी डेस्कवरून बघितलंय. सकाळी एका ठिकाणचं पाणी शूट होऊन आलं की तेच पंधरा सेकंदांचं फुटेज दिवसभर फिरतं, अँकर बोलतोय राज्याच्या बैठकीबद्दल आणि मागं पाणीच वाहतंय, कोपऱ्यात 'लाइव्ह' लिहिलेलं असतं ते अँकरसाठी असतं, पाण्यासाठी नाही. रिपोर्टरला डेस्कवरून फोन जातो, जरा पाण्यात उतर, फ्रेम चांगली येईल. रस्ता बाजूलाच कोरडा असतो हं कधीकधी. मग अँकर विचारणार 'नेमकी परिस्थिती काय आहे' आणि दुपारपर्यंत नवीन काही नसलं तरी रिपोर्टर आवाज एक पट्टी वर चढवूनच उत्तर देणार, कारण स्टुडिओतून येणारा आवाजही चढलेला असतो. एका वाहिनीत तर आम्हाला दुपारी तोंडी सूचना होती की पाणी उतरल्याची बातमी खालच्या धावत्या पट्टीत चालवा, मुख्य पडद्यावर चढल्याचीच राहू द्या.

उलट कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला काय हवं असतं? आकडा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, शिरोलीपाशी हायवे चालू आहे का बंद. एवढं कळलं की सामान माळ्यावर टाकायचं का भजी तळायची हे आई ठरवते. हे काम रेडिओ चांगलं करतो कारण त्याला दाखवायला काही नसतंच, सांगावंच लागतं. लाइट गेली की टीव्ही बंद, वायफाय बंद, मोबाइलचं चार्जिंग संपत आलेलं, तेव्हा सेलवरचा रेडिओ चालू असतो, १०२.७ वर आकाशवाणी कोल्हापूर. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावायची परवानगी आहे, पण प्रशासनाकडून आलेल्या पूर, पाणीपुरवठा, वीज, वाहतूक ह्याच्या सूचना बातमीत मोजत नाहीत, त्या ते देऊ शकतात आणि देतात. तू पुण्यात बसून टीव्ही बघण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ फुटाचा आकडा बघ, आणि २०१९ च्या महापुरात जे झालं त्याच्याजवळ आकडा जायला लागला तर आईला भजी सोडून वरच्या मजल्यावर जायला सांग, त्या वर्षी 'आमच्याकडं कधी आलं नव्हतं' म्हणणाऱ्यांच्याच घरात पाणी शिरलं होतं.

टीआरपी मोजायला आमच्या घरी कधीच कुणी आलं नाही, शेजारीही नाही. मग एक नंबर कसं ठरवतात? — मंगळवार पेठ

देशभरात हजारो घरांत बार्क ह्या संस्थेची मशीनं बसवलेली असतात, घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर स्वतःचं बटण, बघायला बसला की दाबायचं. चॅनेलच्या आवाजातच कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते ती मशीन ओळखतं. कुणाची घरं हे गुप्त ठेवतात, नाहीतर चॅनेलवाले साड्या घेऊन पोचतील, आणि तसे आरोप झालेही, २०२० च्या ऑक्टोबरात वृत्तवाहिन्यांचे आकडे बंद ठेवले ते २०२२ च्या मार्चमध्ये परत सुरू झाले. दर गुरुवारी आकडे येतात आणि शुक्रवारी मालिकेतली सून जिन्यावरून पडते. रेडिओची तशी मोजणी तर मुंबई, दिल्ली, बेंगळुरू, कोलकाता एवढ्याच शहरांत झाली, त्यामुळं कोल्हापुरात कुठलंही स्टेशन 'आम्हीच नंबर वन' म्हणालं तर हसून सोडून द्या.

वडील निवृत्त शिक्षक, हुशार माणूस. पण रात्री अकरानंतर टीव्हीवर ते यंत्र, रुद्राक्ष, साखर मुळापासून घालवणारा काढा असले कार्यक्रम बघून ऑर्डर करतात. बोललं की चिडतात. काय करू? — मुलगा, जयसिंगपूर

आधी एक समजून घ्या, वडील मूर्ख नाहीत, तो कार्यक्रम फार विचार करून बनवलेला असतो. तो जाहिरात वाटूच नये अशी सगळी मांडणी असते, सोफा, फुलदाणी, बातमीसारखं टेबल, एखादा जुना ओळखीचा चेहरा ज्याला वडिलांनी कधीतरी चांगल्या भूमिकेत बघितलंय. म्हणजे पहिल्या प्रश्नातल्या सासूबाईंची जी ओळख होती तीच इथं भाड्यानं घेतलेली. मग 'आपल्यासोबत फोनवर आहेत नाशिकहून...' असा फोन येतो, फोनवरचा माणूस रडतो, पडद्यावर घड्याळ उलटं पळतं, फक्त वीस मिनिटं शिल्लक. उद्या रात्री परत तेच वीस मिनिटं शिल्लक असतात. आणि वेळ रात्री अकराची, घरातले सगळे झोपलेले, 'अहो सर काय बघताय हे' म्हणणारं शेजारी कुणी नाही.

कायदा तुमच्या बाजूनं आहे. आपल्या राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्पष्ट सांगितलं की यंत्रात दैवी शक्ती आहे असं सांगून टीव्हीवर विकणं बेकायदा आहे, दाखवणारं चॅनेलही त्यातून सुटत नाही. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला तर १९५४ च्या औषधं आणि जादुई उपचारांच्या कायद्यानंच बंदी आहे.

तक्रार अशी करा. कार्यक्रम चालू असताना मोबाइलवर पडदा शूट करा, चॅनेलचा लोगो आणि तारीख-वेळ आली पाहिजे. चॅनेलच्या वेबसाइटवर तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता असतो, तिथं पाठवा, २०२१ च्या नियमांप्रमाणं चोवीस तासांत पोच आणि पंधरा दिवसांत निर्णय द्यावा लागतो, नाही पटलं तर पुढच्या पंधरा दिवसांत त्यांच्या स्वयंनियमन संस्थेकडं अपील. जाहिरात म्हणून जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ॲस्की ह्या संस्थेकडंही तक्रार करता येते. माल आलाय आणि पैसे गेलेत तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

वडिलांशी मात्र कायदा बोलू नका. दोन-चार रात्री त्यांच्याबरोबर जागा, चहा करा, आणि ते घड्याळ किती वाजता परत वीस मिनिटांवर येतं ते त्यांनाच लिहून ठेवायला सांगा, मास्तर आहेत, हिशेब बरोबर ठेवतील. आणि काढा चालू असेल तर साखरेची डॉक्टरांची गोळी बंद केलेली नाही ना, हे आजच बघा.